हात थरथरला तरी गोल काळा करता येतो

कसबा बावडा, कोल्हापूर
चैत्र महिना

चि. स्नेहल,

परवा रात्री तू फोनवर जे बोललीस त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं असतं, तर "घाबरू नकोस गं, होईल सगळं" एवढंच तोंडातून निघालं असतं. तेवढ्यानं काही होत नाही, हे तुलाही माहीत आहे. म्हणून सावकाश लिहायला बसले. हे पत्र तिकडे लातूरला खोलीवर पोचलं की एका बैठकीत वाचून संपवायची गरज नाही. टेस्टमध्ये पुन्हा तसंच झालं तर काढून बघ.

तू सांगितलंस ते असं. नीटच्या (NEET) सराव टेस्टमध्ये फिजिक्सचा एक प्रश्न अडला, छातीत धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या. पुढचा प्रश्न तीनदा वाचला तरी डोक्यात शिरेना, आणि मग रोज सहज येणारे बायोलॉजीचे प्रश्नही चुकले. शेवटी विचारलंस, "आत्या, ही भीती घालवायची कशी?"

बाळ, ती जाणार नाही. तुला दुखवायला हे म्हणत नाही. गेल्या दोन वर्षांत तुला ज्यांनी ज्यांनी "आत्मविश्वास ठेव, भीती पळून जाईल" असं सांगितलं, त्यांनी तुझ्यावर एक जास्तीचं ओझं टाकलंय असं मला वाटतं. आता पेपर अवघड गेला की तू दोनदा घाबरतेस. एकदा पेपरला, आणि दुसऱ्यांदा "मी अजून घाबरतेच कशी" म्हणून. त्यातलं दुसरं घाबरणं तेवढं आपण काढून टाकू शकतो. पहिलं राहील, आणि ते राहूनही पेपर चांगला जातो.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते तेव्हा बारावी बोर्डाला पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभी राहायचे. तिथून मुलांचे चेहरे कमी आणि हात जास्त दिसतात. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर पहिली काही मिनिटं हुशार काय आणि कच्ची काय, सगळ्यांचेच हात ओले असतात. उत्तरपत्रिकेला घाम लागू नये म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवणारी मुलं असतात, आणि त्यांतली कितीतरी पुढे उत्तम मार्कांनी पास झालेली मी पाहिली आहेत. फरक दिसायचा तो नंतर. काही मुलं हात थरथरत असताना लिहायला लागायची आणि लिहिता लिहिता हात आपोआप स्थिर व्हायचा. काही मुलं हात स्थिर व्हायची वाट बघत बसायची. ती वाट बघण्यातच अर्धा तास जायचा. तुझ्या बाबतीत मला एवढंच साधायचं आहे, की तू वाट बघत बसू नयेस.

आता शरीरात काय होतं ते बघू. हा भाग तुझाच आहे, अकरावीच्या एनसीईआरटीत अधिवृक्क ग्रंथीच्या भागात तू तो पाठ केलेला आहेस. ॲड्रिनॅलिन, नॉरॲड्रिनॅलिन, संकटकाळची संप्रेरकं. हृदयाचे ठोके वाढणं, घाम येणं, श्वास जलद होणं, बाहुल्या मोठ्या होणं. परीक्षेत यावर प्रश्न आला तर तू दहा सेकंदांत सोडवशील. त्या दिवशी तुझ्या शरीरात तोच धडा चालला होता, एवढंच.

बोटांना मुंग्या का आल्या, तेही ऐक, कारण मला वाटतं तू सगळ्यात जास्त त्यानंच घाबरलीस. भीतीत आपण भरभर आणि वरवर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमचं प्रमाण किंचित घटतं, आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्याही थोड्या आकसतात, म्हणून डोकं हलकं झाल्यासारखं, गरगरल्यासारखं वाटतं. "मला चक्कर येतेय, आता मी पडणार, पेपर गेला" असं जे वाटतं त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एवढंच असतं. आणि हे उलटं फिरवता येतं. श्वास सोडताना लांबवायचा. नाकानं चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, व्हेगस चेता ते काम करते. पाच-सहा श्वासांना मिनिटभर लागतं. खोल श्वास घे, खोल श्वास घे म्हणून सगळे सांगतात, आणि घाबरलेलं पोर छाती भरून भराभर हवा ओढत सुटतं. त्यानं मुंग्या वाढतात. लक्ष सोडण्यावर दे. आत येणारी हवा आपली आपण येते.

डोक्यात काही शिरेना, त्याचं कारण वेगळं आहे. एका वेळी माणूस डोक्यात मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकतो. फिजिक्सचं गणित सोडवताना तुला वस्तुमान, वेग, कोन, सूत्र, मधली बेरीज असं सगळं एकदम धरावं लागतं. त्याच वेळी "हा चुकला तर चार गेले, गव्हर्नमेंट कॉलेज गेलं, पप्पांनी कर्ज काढलंय" ही वाक्यंही तीच जागा मागतात. जागा तेवढीच असते. म्हणून भीतीचा मार फिजिक्सला आधी बसतो, आणि नुसतं आठवून खूण करायच्या बायोलॉजीला नंतर. यावर माझा इलाज साधा आहे: डोक्यात धरायचं ते कमी कर. दिलेल्या किमती एककांसकट आधी कच्च्या कामाच्या जागेत उतरव, आकृती काढ, मधली प्रत्येक पायरी कागदावर घे. "एवढं काय, मनात होतं" हे घरी सराव करताना ठीक. त्या तीन तासांत मनात काही करायचं नाही. आणि जे निर्णय तिथं बसून घ्यावे लागतील, ते सगळे आत्ताच घेऊन टाक.

पावसाळ्यात आपल्या बावड्यात काय चालतं ते तू लहानपणापासून बघितलंयस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली, हाच दिवसभराचा विषय. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. नदीकाठचा माणूस पाणी थांबवायचं कसं, यात डोकं घालत नाही. किती फुटांवर धान्य माळ्यावर चढवायचं, किती फुटांवर जनावरं सोडायची, किती फुटांवर दाराला कुलूप लावून निघायचं, हे त्याचं पावसाआधी ठरलेलं असतं. तुझ्याही दोन पातळ्या आत्ताच ठरवू.

तुझी इशारा पातळी ही: एकच ओळ दुसऱ्यांदा वाचली आणि कळली नाही. तिसऱ्यांदा वाचायची नाही. प्रश्नाच्या आकड्याला गोल कर आणि पुढच्या प्रश्नावर जा. हा प्रश्न सोपा आहे, मला यायला पाहिजे होता, असले विचार करायचे नाहीत. गोल केलेल्या प्रश्नांकडे परत यायला वेळ राखून ठेवलेला असतो.

धोका पातळी ही: मुंग्या, धडधड, अक्षरं पुसट, सलग तीन प्रश्न अडले. तेव्हा पेन खाली ठेव. दोन्ही पावलं जमिनीला टेकव, खांदे सोड, आणि ते लांब सोडायचे सहा श्वास घे. डोळे मिटू नकोस, मिटले की विचार जास्त येतात. बाकाच्या कडेकडे बघ. मग थेट बायोलॉजीच्या पानावर जा आणि तुला झोपेतही येतील असे चार-पाच प्रश्न सोडव. ते आधीच सोडवून झाले असतील तर केमिस्ट्रीतले सरळ पाठांतराचे शोध. हाताला काम मिळालं की डोकं मागून येतं.

हे करायला मिनिट-दीड मिनिट जाईल. त्याचा हिशेब करून ठेवू, म्हणजे तिथं जीव कासावीस होणार नाही. १८० मिनिटं, १८० प्रश्न, ७२० मार्क. एक मिनिट म्हणजे फार तर एक प्रश्न, चार मार्क. त्या रविवारच्या टेस्टमध्ये तू ते मिनिट वाचवायला गेलीस आणि पुढचा पाऊण तास गेला. धोका पातळीवर मिनिटभर थांबणं हे पेपरमधलंच काम धर.

निगेटिव्ह मार्किंगचंही असंच आधी ठरव. बरोबरला चार, चुकीला वजा एक. दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळलं आणि उरलेल्या दोनांत गाडी अडली, तर खूण करायची: अशा दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक धरलं तरी तीन मार्क हातात येतात. एकही पर्याय खोडता आला नाही तर सोडायचा. आकडेमोडीनं बघितलं तर आंधळ्या अंदाजातही किंचित फायदा निघतो, चार प्रश्नांमागे एक मार्क, आणि तुझा कुणीतरी मित्र तुला ते पटवून देईल. माझं म्हणणं, तो मार्क जाऊ दे. घाबरलेलं डोकं एकदा अंदाजावर गेलं की जे प्रश्न येत असतात तेही अंदाजानं उडवायला लागतं. ती सवय एका मार्काला महाग आहे.

ओएमआरचं तुला सांगायला नको, तरी सांगते. काळ्या बॉलपेननं एकदा गोल काळा केला की तो बदलत नाही. म्हणून आधी प्रश्नपुस्तिकेत उत्तरावर खूण कर, आणि एक पान झालं की त्या पानाचे गोल भर. शेवटच्या वीस मिनिटांत १८० गोल भरायचे, हा मूर्खपणा कुणी कितीही हुशार मुलानं सांगितला तरी ऐकू नकोस. भरताना प्रश्नाचा आकडा मनात म्हण, आकडा आणि ओळ जुळली का बघ. घाबरलेली मुलं प्रश्न चुकवतात त्याहून वाईट म्हणजे एक ओळ खाली सरकतात, आणि पुढचे सगळे गोल चुकीच्या जागी जातात.

घड्याळ हातात नसेल, भिंतीवरचं बघायचं. दर प्रश्नाला मान वर करायची नाही. तुझा क्रम बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आहे, तोच ठेव; त्या दिवशी शेजारच्या बाकाकडे बघून बदलू नकोस. दोन वाजता सुरू झालं की बायोलॉजी तीनला दहा कमी असताना संपावं, केमिस्ट्री पावणेचारच्या आत, फिजिक्स पावणेपाचपर्यंत. घड्याळ बघायच्या वेळा या तीनच. शेवटची पंधरा मिनिटं गोल केलेल्या प्रश्नांना आणि ओएमआर तपासायला.

आणि पेपरच अवघड निघाला तर? याची तुला सगळ्यात जास्त धास्ती आहे, म्हणून इथं थोडं थांबते. २०२५ चा पेपर आठव. ४ मे, रविवार. फिजिक्स इतकं अवघड आणि लांबलचक होतं की मुलं केंद्राबाहेर येऊन रडली. आपल्याच गल्लीतली पोरं दोन दिवस घराबाहेर पडली नव्हती. निकाल लागला तेव्हा देशातला पहिला नंबर ६८६ वर होता. त्याच्या आदल्या वर्षी अंतिम निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. आणि खुल्या गटाची पात्रतेची रेषा २०२४ ला १६२ होती ती २०२५ ला १४४ वर आली. ही फक्त पात्र ठरायची रेषा झाली, सरकारी कॉलेजला त्याहून पुष्कळ जास्त लागतात. पण तिथलेही मार्क तसेच खाली आले. पेपर अवघड निघाला की रेषाही खाली येते. २२ लाखांहून जास्त मुलं त्या वर्षी तोच पेपर सोडवत होती, आणि एमबीबीएसच्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास. तुला ठरावीक आकडा गाठायचा नसतो, तुझ्यासारख्याच घामाघूम झालेल्या मुलांच्या तुलनेत तुझी जागा ठरते. त्यामुळे पेपर उघडल्यावर "बाप रे" असं वाटलं तर तेच वाक्य त्या वेळी देशभर मनात उमटतंय, असं समज. त्या क्षणी ज्यांनी "आता ६५० कसे पडणार" हा हिशेब मांडला ती मुलं बुडाली. हिशेब मांडायचा नाही. पेपरात मार्क मोजत बसणं तुझ्यासाठी पूर्ण बंद.

राहिलेल्या दिवसांत काय करायचं, त्याबद्दल दोन गोष्टी सांगते. बाकीचं तुझे सर सांगतीलच.

पहिली. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणं कमी कर आणि पुस्तक मिटून आठवणं वाढव. धड्याचं नाव कागदावर लिहायचं, आठवेल ते सगळं उतरवायचं, मग पुस्तक उघडून काय राहिलं ते लाल पेननं लिहायचं. हे नुसतं माझं शिक्षकी मत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात एक प्रयोग झाला. काहींनी यादी पुन्हा वाचून लक्षात ठेवली, काहींनी न बघता आठवून. मग त्यांना परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला लावून मुद्दाम ताण दिला. वाचून शिकलेल्यांना ताणाखाली कमी आठवलं. आठवून शिकलेल्यांच्या आठवणीला तो ताण फारसा बाधला नाही. तुझ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. भीती असताना जे टिकतं ते आठवण्याच्या सरावातून आलेलं असतं. पुस्तक समोर असताना "हे येतंय मला" असं जे वाटतं, त्यावर विसंबू नकोस.

अजून एका प्रयोगाबद्दल तुमच्याकडे सांगत असतील: परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली की मार्क वाढतात. २०११ चा तो अभ्यास फार गाजला. २०१८ ला इतर संशोधकांनी तो पुन्हा करून बघितला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. लिहून तुला बरं वाटत असेल तर आदल्या रात्री जरूर लिही, फुकट आहे. पण त्याला औषध समजू नकोस, आणि राहून गेलं तर त्याची नवी भीती नको.

दुसरी गोष्ट झोप आणि जेवण. यात तू हट्ट करू नयेस असं मला फार वाटतं. शाहू महाराजांचा जन्म आपल्या बावड्यातला, लक्ष्मीविलास पॅलेसमधला, हे तू शाळेत भाषणात म्हणायचीस. त्यांनी शिक्षणासाठी काय काय केलं ते आठव. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७ चा. त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली होती. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, मुस्लिमांचं, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातलं पोर शहरात शिकायचं तर त्याला आधी अंथरूण आणि दोन वेळचं जेवण पाहिजे, हे त्या माणसानं ओळखलं होतं. आणि आज आपण सव्वाशे वर्षांनी पोरांना सांगतो की चार तास झोप, राहिलेलं जागून भरून काढ. हे पूर्ण उलटं आहे. दिवसभरात शिकलेलं झोपेत पक्कं होतं. सात तास झोपायचं. शेवटचे पंधरा दिवस रात्री अकराच्या पुढे दिवा नको.

परीक्षा दुपारी दोन ते पाच आहे, म्हणून टेस्टही त्याच वेळेला दे. सकाळी ताज्या डोक्यानं दिलेल्या टेस्टचा इथं उपयोग कमी. दुपारचं जेवण झालेलं, ऊन डोक्यावर, पंखा वरचेवर बंद पडतोय, मनगटावर घड्याळ नाही, समोर ओएमआर, असा सराव पाहिजे. परीक्षेच्या दिवशी सकाळी हलकं खा, भात-आमटी, दही-भात, जे रोज पचतं ते. नवीन काही नाही. चहा रोज पितेस तेवढाच. आणि मैत्रिणीनं "धडधड थांबते" म्हणून कसलीही गोळी दिली तरी तोंडात टाकायची नाही, डॉक्टरांनी तुला तपासून दिल्याशिवाय नाहीच नाही.

एक गोष्ट लक्षात ठेव, पेपर दोनला असला तरी फाटक दीडला बंद होतं आणि आत त्याच्या कितीतरी आधी जावं लागतं. तपासणी, अंगठा, फोटो, मग बाकावर नुसतं बसणं. भीती वाढते ती या रिकाम्या वेळात, पेपर हातात येण्याआधी. त्या वेळेला काम ठरवून ठेव. घड्याळ कुठं आहे ते बघ, बाक हलतो का बघ आणि हलत असेल तर तेव्हाच सांग, हॉलतिकिटावरच्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. फाटकाबाहेर कुणाशी "हे वाचलंस का, ते केलंस का" असलं बोलणं नको. दादा (तुझे पप्पा) बरोबर असेल, त्याच्याशी घरच्या म्हशीबद्दल बोल.

दादाशी मी वेगळं बोलले आहे. यापुढे फोनवर तो मार्क विचारणार नाही, जेवलीस का एवढंच विचारेल. कर्जाचं तू मनावर घेतलंयस, पण ते त्यानं विचार करून काढलंय आणि फेडायचं त्याचं त्याला माहीत आहे. वहिनीनं अंबाबाईला नवस बोललाय. तो आईनं बोललेला आहे, त्याचं ओझं तू घ्यायचं नाहीस. आणि तुमच्या वर्गाच्या भिंतीवर दर आठवड्याला नावानिशी मार्कांची जी यादी लागते, तिच्यासमोर उभी राहू नकोस. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना दर आठवड्याला असं उतरंडीनं भिंतीवर टांगणं मला अजिबात पटत नाही, शिक्षक म्हणून तर नाहीच. आपला पेपर सरांकडून घे, चुका बघ, वहीत उतरव, आणि निघ.

तू लहानपणापासून आपल्या रस्त्यानं डी. वाय. पाटील मेडिकलची मुलं पांढरे ॲप्रन हातावर टाकून जाताना बघतेस. डॉक्टर व्हायचं तिथंच तुझ्या मनात आलं, हे मला माहीत आहे. म्हणून हेही सांगते. ही परीक्षा तुला त्या ॲप्रनपर्यंत न्यायचा एक रस्ता आहे. पेशंटच्या उशाशी बसून त्याचं ऐकून घेणं तुला जमेल की नाही, हे १८० प्रश्नांतून कुणाला कळत नाही, आणि मला ते आजच माहीत आहे. आजी आजारी होती तेव्हा तुला बघितलंय मी. शिवाय परीक्षा पुन्हा देता येते, आणि याच मार्कांवर आयुर्वेद, होमिओपॅथीचेही प्रवेश होतात. हे मी तुझी तयारी ढिली करायला लिहीत नाही. "हे नाही तर काहीच नाही" असं वाक्य डोक्यात घेऊन बसलेला माणूस एका अवघड प्रश्नाला जास्त घाबरतो, म्हणून लिहिते.

२०२४ ला जे झालं, पेपरफुटी, वाढीव मार्क, पुन्हा परीक्षा, सुप्रीम कोर्ट, त्याचीही चर्चा तुमच्या खोल्यांत रात्र रात्र चालते असं म्हणालीस. अन्याय झाला तर त्यावर बोलायला, भांडायला माणसं आहेत, वेळ आली तर आम्ही घरचेही उभे राहू. पण रात्री अकरानंतरची ती चर्चा तुझी झोप खाते. तिच्यातून उठून जायचं.

आता जे लिहिते ते नीट वाच. परीक्षेची भीती आणि जिवावर बेतणारी भीती यांत फरक आहे. झोप सलग लागत नाही, जेवण जात नाही, सारखं रडू येतं, कशातच अर्थ वाटत नाही, आपण नसलेलंच बरं असं एकदा जरी मनात आलं, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच मिनिटाला मला फोन कर, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. मी नाही उचलला तर १४४१६ वर लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुझ्या खोलीतल्या पोरींनाही हा नंबर दे. कुणी गप्प गप्प राहत असेल तर तिला एकटं सोडू नका, मोठ्या माणसाला सांगा. त्यात चुगली काही नाही.

येत्या रविवारच्या टेस्टला एवढंच कर. मार्क किती पडले ते मला सांगू नकोस. इशारा पातळी कितीदा आली, धोका आला का, आणि आल्यावर पेन खाली ठेवलंस का, ते सांग. पेन खाली ठेवायला जमलं नाही तर तेही सांग; पुढच्या रविवारी पुन्हा करू. परीक्षेपर्यंत जेवढ्या टेस्ट आहेत तेवढा तुला याचा सराव आहे.

परीक्षेच्या आठ दिवस आधी घरी ये म्हणून दादा म्हणतोय, मलाही तेच बरं वाटतं. वरची खोली रिकामी केली आहे, टेबल खिडकीपासून हलवलंय कारण दुपारी तिथं ऊन येतं. सामान सगळं आणू नकोस, बायोलॉजीची दोन्ही पुस्तकं, लाल पेनची वही आणि ओएमआरच्या कोऱ्या शीट घेऊन ये. अर्ध्या बाहीचे दोन सैल सुती कुडते वहिनीनं शिवायला टाकलेत, साध्या चपला इथं आहेत. हॉलतिकीट निघालं की केंद्राचं नाव लगेच कळव. दादा आणि मी आदल्या रविवारी दुपारी बाराच्या उन्हात जाऊन रस्ता आणि फाटक बघून येतो.

तुझी,
आत्या